रात्रीचा फोन कोण उचलतं? आईसाठी हॉस्पिसची पारख करताना

आईच्या गालाच्या कर्करोगावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झाले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच गाठ पुन्हा उठून जबड्यात आणि मानेत पसरली. कोकणातल्या तिच्या पिढीच्या कितीतरी बायकांप्रमाणे ती लहानपणापासून मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावत आली होती. पुढच्या केमोथेरपीने आयुष्य फारसे वाढणार नाही, हाल मात्र वाढतील, असे डॉक्टरांनी दादाला आणि मला समोर बसवून सांगितले आणि लगेच आम्हाला रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या, विभागाकडे पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी वेदनेची औषधे सुरू करून दिली आणि गावी गेल्यावर पुढची काळजी घेणारी संस्था वेळेत शोधून ठेवा, असे बजावले. संस्था पाहायची म्हणजे नेमके काय पाहायचे, असे मी विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, इमारत पाहू नका, रात्री काय होते ते विचारा.

आमचे घर देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत आहे. डांबरी रस्ता सड्यावरून जातो आणि तिथून घरापर्यंत पाणंद व पुढे चिऱ्याच्या पायऱ्या उतराव्या लागतात, त्यामुळे स्ट्रेचर तर सोडाच, चाकाची खुर्चीसुद्धा खळ्यात येत नाही. आजारी माणसाला साध्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलूनच वर न्यावे लागते. मोबाईलला सड्यावर पूर्ण रेंज असते आणि माजघरात अजिबात नसते. आगोटी तोंडावर आली होती, म्हणजे पुढचे चार महिने विजेचा आणि रस्त्याचा भरवसा नव्हता. दादा मुंबईला, मी नोकरीसाठी कणकवलीला आणि आईजवळ कायम राहणारी एकटी वहिनी, अशी आमची मांडणी होती. या गोष्टी आधी सांगते आहे, कारण चांगली संस्था कोणती याचे उत्तर घर कुठे आहे आणि घरात कोण आहे यावर फार अवलंबून असते.

नातेवाइकांत पहिला विरोध मामांचा झाला. ‘म्हणजे आता सोडून द्यायचं काय?’ असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे मला भाग होते. हॉस्पिस म्हणजे उपचार थांबवून माणसाला कोपऱ्यात ठेवणे नव्हे. रोग बरा होत नाही हे मान्य करून वेदना, धाप, मळमळ, जखम, भीती आणि घरच्यांची दमछाक या सगळ्यांवर नेटाने उपचार करणे होय. या कामाची आधुनिक घडी सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करून बसवली, आणि शरीराचे दुखणे, मनाचे दुखणे, नात्यांतली आणि पैशाची विवंचना ही सगळी मिळून एकच वेदना असते, हा विचार त्यांनीच मांडला. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन उभे राहिले आणि पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. केरळात १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात सुरू झालेल्या कामातून गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन रुग्णांची देखभाल करू लागले आणि २००८ मध्ये त्या राज्याने या सेवेसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. मामांना हा इतिहास सांगून पटले असे मी म्हणणार नाही, पण केरळातली माणसे आपल्यासारख्याच माडापोफळीच्या वाड्यांत राहतात आणि तिथे हे काम होते, एवढ्याने त्यांनी ऐकून घेतले.

आमच्यासमोर तीन पर्याय आले. एक, तालुक्याच्या गावाजवळचे एक खासगी देखभाल केंद्र, जे वृद्धांबरोबर शेवटच्या टप्प्यातले रुग्णही ठेवून घेत असे. दुसरा, शहरातले एक धर्मादाय हॉस्पिस. तिसरा, एका सेवाभावी रुग्णालयाचे घरी येणारे पथक. नावे कोणाचीही लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी मी आणि वहिनी गेलो. इमारत नवी होती, पुढे बाग होती, खोल्यांना वातानुकूलन होते, आणि व्यवस्थापक अदबीने सगळे दाखवत होते. आमच्याबरोबर आलेल्या मावशींना जागा पाहताक्षणी पसंत पडली. मी मात्र एका खाटेजवळ रेंगाळले. खिडकीशी एक वयस्कर गृहस्थ पडून होते. त्यांचे ओठ सुकून भेगाळले होते आणि खालच्या ओठावर वाळलेल्या थुंकीची पांढरी कड धरली होती. पाण्याचा पेला टेबलावर होता, पण टेबल त्यांच्या हाताच्या पल्ल्याबाहेर होते. बोलावण्याच्या घंटीची दोरी खाटेच्या मागे भिंतीवर गुंडाळून ठेवलेली होती. वहिनीने पेला उचलून व्यवस्थापकांकडे पाहिले तेव्हा त्यांनी लगबगीने कोणाला तरी हाक मारली. ज्याला नीट गिळता येत नाही अशा माणसाचे तोंड दर दोन तासांनी ओल्या कापसाने किंवा मऊ फडक्याने पुसणे, ओठांना साधे व्हॅसलीन लावणे, याला ना डॉक्टर लागतो ना यंत्र. लागते ते फक्त कोणीतरी जवळ येऊन पाहणे. त्यामुळे कोणत्याही हॉस्पिसमध्ये शिरल्यावर मी आधी ओठ पाहीन, मग टाचा आणि माकडहाडाची जागा, कारण तिथेच अंथरुणाचे व्रण उठतात. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद खाटेला लावलेल्या कागदावर आहे का, हे मी विचारले. कागद होता, त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या वेळा एकाच शाईने, एकाच हाताने भरलेल्या होत्या आणि आम्ही पाहत होतो तेव्हा दुपारही झालेली नव्हती.

नंतर कचेरीत बसून मी मॉर्फिनबद्दल विचारले. ‘इतकं कडक औषध आम्ही ठेवत नाही, त्याची सवय लागते; दुखलं तर इंजेक्शन देतो,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर ऐकल्यावर माझ्या दृष्टीने पुढची चर्चा संपली होती, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जगभर मान्य झालेले, स्वस्त आणि साधे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशामक औषधांची जी पायऱ्यांची पद्धत घालून दिली, तिचे तत्त्वच असे आहे की औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे आणि वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे पायरी वाढवावी. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी द्यायची असते. दुखल्यावर मागायची आणि मागितल्यावर कोणी आणून देईपर्यंत तळमळायचे, हा त्या औषधाचा वापरच नव्हे. वेदनेसाठी नीट बेताने दिलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होतो ही भीती बहुतांशी निराधार आहे. त्याने बद्धकोष्ठ मात्र बहुतेक सगळ्यांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून बरोबर द्यावे लागते. आणि ज्या डॉक्टरने मॉर्फिन लिहून दिले पण पोट साफ होण्याचे औषध लिहिले नाही, त्याला या कामाचा सराव नाही असे खुशाल समजावे.

मॉर्फिन नसणे हा सगळाच दोष संस्थांचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची इतकी गुंतागुंत झाली की अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली: प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मंजुरी मिळाली की ती हे औषध ठेवू शकते. म्हणून आता विचारायचा प्रश्न सरळ आहे: तुमच्याकडे ही मान्यता आहे का, प्रशिक्षित डॉक्टर कोण, आणि साठ्याची नोंदवही दाखवता का. ज्यांच्याकडे औषध खरोखर आहे ते वही दाखवायला कचरत नाहीत, कारण एकेका गोळीचा हिशेब त्यांना ठेवावाच लागतो.

व्यवस्थापकांनी निरोप देताना एक गोष्ट अभिमानाने सांगितली: ‘आमच्याकडे पेशंट दगावत नाही. तब्येत बिघडली की लगेच अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो.’ मावशींना यात मोठा दिलासा वाटला. मला मात्र डोळ्यांसमोर रात्रीच्या पावसात महामार्गावरून धावणारी अँब्युलन्स आणि तिच्यात एकटी, घाबरलेली आई दिसली. शेवटचे काही तास शांतपणे, ओळखीच्या माणसांत जावेत म्हणून जी संस्था शोधायची, तिनेच नेमक्या त्या तासांत माणसाला उचलून अतिदक्षता विभागाच्या दारात सोडायचे असेल, तर तिला हॉस्पिस म्हणता येणार नाही. रात्री तिथे डॉक्टर नसे, शिकलेली परिचारिका नसे, फक्त एक आया आणि रखवालदार असत, हेही याच बोलण्यातून कळले. शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालचे प्रमाणपत्र भिंतीवर कुठे दिसले नाही. विचारल्यावर ते ‘प्रक्रियेत’ असल्याचे सांगण्यात आले.

शहरातल्या हॉस्पिसबद्दल मला वाईट शब्द बोलता येणार नाही. तिथे रुग्णांचे ओठ ओले होते, भेटीच्या वेळांचे बंधन नव्हते, नातेवाइकाला रात्री खाटेशेजारी झोपता येत होते, आणि खर्चाचा प्रश्न काढताच पैसे घेत नसल्याचे त्यांनी आधीच सांगून टाकले. आमच्या विनंतीवरून त्यांनी पूर्वीच्या दोन कुटुंबांची परवानगी घेऊन त्यांच्याशी आमचे बोलणे करून दिले. ज्यांचे माणूस तिथे वारले आहे त्यांच्याशी बोलणे ही माझ्या मते सर्वांत खरी तपासणी आहे, कारण ज्यांना आता संस्थेकडून काही नको असते ते मोकळेपणाने बोलतात. दोघांनीही चांगलेच सांगितले. पण ते ठिकाण घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर होते. वहिनीला तिथे जाऊन राहणे शक्य नव्हते, आणि आईने आपले म्हणणे जबडा जेमतेम उघडत एका वाक्यात मांडले होते, ‘माका घराकच ऱ्हवांदे.’ तो पर्याय तिथेच मिटला.

उरले घरी येणारे पथक. त्यात एक डॉक्टर, दोन परिचारिका, एक समुपदेशक आणि आसपासच्या गावांतले काही स्वयंसेवक होते. त्यांच्या कचेरीत भिंतीचे पोपडे निघाले होते, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि त्यांची जीप आमच्यासमोरच ढकलून सुरू करावी लागली. मी माझ्या वहीतले प्रश्न विचारायला सुरुवात केली तेव्हा डॉक्टरांनी आधी आमच्या घराचा रस्ता, पायऱ्या, वीज आणि वहिनीची तब्येत यांची चौकशी केली. आपण त्यांना तपासायला आलो आहोत आणि तेही आपल्याला तपासत आहेत, हे मला फार आश्वासक वाटले.

रात्रीचा प्रश्न मी अर्थातच विचारला. रात्री फोन परिचारिकेकडे असतो, ती पाळीने बदलते, तिला औषधांचे प्रमाण ठरवून दिलेले असते आणि तिच्या आवाक्याबाहेरचे असेल तर ती डॉक्टरांना उठवते. मात्र अंधारात, पावसात गाडी प्रत्येक वाडीत पोहोचेल असे वचन आम्ही देत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. जे जमत नाही ते आधीच सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसतो. ‘ताई, आज रात्रीच एकदा फोन लावून पाहा, तुमच्याकडून लागतो का ते कळेल,’ असे परिचारिकेनेच सुचवले. रात्री दोनच्या सुमारास वहिनीने माजघरातून फोन लावला आणि तो लागला नाही. सकाळी ते कळवल्यावर पथकातल्या एका स्वयंसेवकाने गावात आलेल्या फायबरच्या जोडणीवरून वायफायने फोन कसा लावायचा ते दाखवले, आणि वीज गेली तर राउटर चालावा म्हणून छोटी बॅटरी बसवून घ्यायला सांगितले. पुढच्या रात्री फोन लागला, दुसऱ्या टोकाला कोणीतरी लगेच बोलले, आणि तेव्हाच आम्ही नाव नोंदवायचे ठरवले.

दुसरा प्रश्न माझा खास इकडचा होता: चतुर्थीला कोण असणार? गणपतीत आपल्याकडे बाजार ओस पडतो, कचेऱ्या ओस पडतात, प्रत्येक जण आपल्या घरी आरतीत असतो, आणि दुखणे काही पंचांग पाहून येत नाही. डॉक्टरांनी थोडा विचार करून सांगितले की गेल्या वर्षी त्या दिवसांत अडचण आली होती आणि या वर्षीचे पाळीपत्रक अजून ठरलेले नाही. त्यांनी ते लपवले नाही, पण उत्तर अपुरेच होते, आणि मी ते तसेच वहीत लिहून ठेवले.

पथकाची पहिली घरभेट हीच माझ्या मते खरी परीक्षा होती. परिचारिका पायऱ्या उतरून आली, हातपाय धुतले, आणि आईच्या उशाशी उभी न राहता तिला मान न वळवता दिसेल अशा जागी पाटावर बसली. शून्य ते दहा या मोजपट्टीवर दुखणे सांगायला आईला जमेना. आकड्यांचा तिला कंटाळा आला. तेव्हा परिचारिकेने विचारले, ‘आजी, रुपयाभर दुखणं म्हणजे जीव जाईल असं. तर आत्ता किती आण्यांचं आहे?’ आईने क्षणात बोटांनी खूण केली आणि म्हणाली, ‘बारा आणे.’ त्या दिवसापासून घरातल्या वहीत दुखणे आण्यांत लिहिले जाऊ लागले. गोळीचे प्रमाण वाढवल्यावर, आणि रात्री झोपताना दुप्पट गोळी दिल्यावर मधल्या वेळेला उठवावे लागत नाही हे समजल्यावर, बाराचे चार आणे व्हायला फार दिवस लागले नाहीत. गिळणे कठीण झाले तेव्हा तीच गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून द्यायला त्यांनी वहिनीला शिकवले.

जखमेची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गालाची जखम बाहेर फुटली होती आणि तिच्या वासाने आई स्वतःच खचली होती. नातवाला जवळ येऊ देत नव्हती, शेजारणी आल्या की तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळत होती. मुंबईहून आल्यापासून आम्ही ते ड्रेसिंग सुके ओढून काढत होतो, तसेच आम्हाला दाखवले गेले होते, आणि दर वेळी रक्त येत होते. परिचारिकेने आधी पट्टीवर सलाइन सोडून ती पूर्ण भिजू दिली, मग न ओढता सैल झालेली उचलली. नंतर मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या तिने कागदात धरून चमच्याच्या पाठीने अगदी पिठासारख्या बारीक केल्या, ती पूड जखमेवर भुरभुरवली आणि वर ओला गॉज ठेवून हलकी पट्टी बांधली. प्रत्येक पायरीआधी ती आईला सांगत होती आणि आईने मान हलवेपर्यंत थांबत होती. त्या आठवड्यातच वास जवळजवळ गेला. शेजारच्या काकी संध्याकाळी येऊन पुन्हा पडवीत बसू लागल्या, आणि आईने नातवाच्या हातून पेजेचे पाणी घेतले. संस्थेचा दर्जा मोजायला पुढे कोणी मला कागद दिला असता तर मी त्यावर एवढेच लिहिले असते की आईने पदर खाली घेतला.

मानेच्या गाठीने मोठी रक्तवाहिनी फुटण्याचा धोका असतो, ही गोष्ट मुंबईतही आम्हाला कोणी सांगितली नव्हती. पथकाच्या डॉक्टरांनी ती वहिनीला आणि मला पडवीत वेगळे बसवून सांगितली. तसे झाले तर ते थांबवता येणार नाही, पण रक्त पाहून आई घाबरणार नाही अशी तयारी ठेवता येते, असे म्हणून त्यांनी गडद रंगाचे टॉवेल खाटेखाली ठेवायला सांगितले आणि तिला चटकन गुंगी यावी म्हणून द्यायचे औषध आधीच लिहून, समजावून ठेवले. वहिनी रात्रभर रडली, पण दुसऱ्या दिवशी तिनेच बाजारातून काळपट मरून रंगाचे टॉवेल आणले. ते वापरायची वेळ आली नाही. तरी या एका संभाषणाने माझा निर्णय जितका पक्का झाला तितका दुसऱ्या कशाने झाला नाही, कारण वाईट बातमी वेळेत आणि थेट सांगणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते माहितीपत्रकात कधीच दिसत नाही.

आईशीही ते मोकळेपणाने बोलले. तिला किती कळले आहे, आणखी किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यांनी आधी तिलाच विचारले. दादाचा आग्रह होता की तिला काही सांगू नये, आणि समुपदेशकांनी दादाशी फोनवर बराच वेळ बोलून त्याची भीती ऐकून घेतली. व्हेंटिलेटर नको, रुग्णालय नको, हे आईने स्पष्ट केल्यावर त्यांनी शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे नोंदवणाऱ्या लेखी इच्छापत्राचीही माहिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे इच्छापत्र मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. आईने अंगठा दिला. मामा साक्षीदार झाले.

उणिवाही होत्या आणि त्या लिहिल्याशिवाय ही पारख पुरी होत नाही. औषधांचा तक्ता इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होता. वहिनी चष्मा लावून, मोबाईलच्या उजेडात तो वाचत असे, आणि मॉर्फिनसारख्या औषधाच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. सगळे स्वयंसेवक सारख्या तयारीचे नव्हते. एकाने आईसमोरच देवाला गाऱ्हाणे घातले का, असे विचारून मामांना नव्याने अस्वस्थ केले. चतुर्थीच्या दिवसांत रात्रीचा फोन उचलला गेला, पण घरभेट चुकली, आणि ड्रेसिंगचे सामान संपत आल्यावर मला कणकवलीहून स्वतः आणावे लागले. सर्वांत मोठी उणीव अशी की वहिनी किती थकली आहे हे कोणी विचारले नाही. प्रत्येक भेटीत आईचे आणे विचारले जात, वहिनीची झोप कोणी विचारली नाही. शेवटी मीच डॉक्टरांना ते बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी एका स्वयंसेविकेला आठवड्यातून काही दुपारी आईजवळ बसायला पाठवायला सुरुवात केली.

शेवटचे दिवस भाद्रपद सरता सरता आले. घशात घरघर सुरू झाली तेव्हा ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितकी रुग्णाला जाणवत नाही, हे आम्हाला आधीच सांगून ठेवलेले होते. परिचारिकेने फोनवरून आईला कुशीवर वळवायला सांगितले आणि सकाळी येऊन कातडीखाली द्यायच्या इंजेक्शनने ती घरघर बरीच कमी केली. कोणीही अँब्युलन्सचे नाव काढले नाही. आई माजघरात, आपल्याच खाटेवर गेली, आणि त्या वेळी तिचे ओठ ओले होते.

मृत्यूनंतरच्या गोष्टींवरून संस्था कळते, असे त्या शहरातल्या हॉस्पिसच्या कुटुंबांनी सांगितले होते. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला कोण देणार, हा प्रश्न लोक विचारायचे विसरतात आणि मग सरण रचलेले असताना डॉक्टर शोधत फिरतात. पथकाच्या डॉक्टरांनी त्या दाखल्याचा नमुना ४अ भरून दिला, आणि ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या मुदतीत नोंद करायची आठवणही केली. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परिचारिकेने आमच्यासमोर मोजून परत घेतल्या, वहीत नोंद केली आणि वहिनीची सही घेतली. बाराव्यानंतर समुपदेशक पुन्हा येऊन वहिनीशी एकटीशी बोलून गेल्या.

दिवाळीनंतर मी आणि वहिनीने मिळून संस्थेला पत्र लिहिले. चांगले ते लिहिलेच, पण तक्ता, चतुर्थीची पाळी आणि घरच्या बाईची विचारपूस हे तिन्ही मुद्दे नाव घेऊन मांडले. त्यांचे उत्तर आले. औषधांचा तक्ता आता मराठीत, मोठ्या अक्षरांत, वेळेपुढे सूर्य आणि चंद्राची चित्रे काढून दिला जातो. सणाच्या दिवसांचे पाळीपत्रक कुटुंबांना महिनाभर आधी मिळते. आणि प्रत्येक भेटीच्या नोंदीत काळजी घेणाऱ्यासाठी वेगळा रकाना घातला आहे. रात्री डॉक्टर प्रत्यक्ष येण्याची सोय मात्र अजून झालेली नाही. त्यासाठी आणखी एक डॉक्टर हवा, आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर या भागात यायला तयार होत नाही, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे.